सर्जेरावाची बदली

बसा. मल्हार, मोटरकडं सारखं बगू नकोस, तुझ्या बगन्यानं लाईट येत न्हाई. थ्री फेज तिच्या मर्जीनं येती. राजनंदिनी, तू बी टेक पोरी. सकाळी भरतीची धाव हाय म्हनून आत्तापासनं पळायला पायजे असं न्हाई.

ही काय पारावरची थाप न्हाई. ज्याच्यावर बेतलं त्यो मानूस माझ्या बांधाला बांध लावून ऱ्हातो, हितंच, इस्लामपूरच्या अलीकडं. सुभेदार कृष्णात. फौजेतनं उतरला, ऊस लावला, आन् उसात मन रमंना म्हनून पुस्तकं कराय लागला. म्हाताऱ्या फौजींच्या दारात जायचं, मोबाईल म्होरं ठेवायचा आन् म्हनायचं, "काका, बोला. डोळ्यानं बगितलं तेवढंच बोला." मग ते जसंच्या तसं लिवून काढायचं. लोकं हसायची. ह्यो म्हनायचा, "हसा. उद्या तुमच्या आज्ज्यानं काय केलं ते माझ्याच पुस्तकात हुडकायला येशिला."

त्याचा एक नेम हुता. कुनाच्या तोंडनं कुनाबद्दल वाईट आलं, की छापायच्या आदी ते त्या मानसाला ऐकवायचं. मानूस मेला असला तर त्याच्या घरच्यास्नी. तोंडावर बोलायची छाती नसंल तर छापायचं बी न्हाई. पटतंय न्हवं?

तर गेल्या साली, मार्गशीर्षातली अमावस्या. दुपारीच कृष्णात गाडीवर टांग मारून आटपाडीच्या अंगाला निघाला. काम साधंच, असलंच ऐकवायचं. साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या हवालदारानं, नाव घेत न्हाई, त्याची नातवंडं हायत, एकाहत्तरच्या लढाईचं सांगितल्यालं, आटपाडीकडच्या सर्जेराव नावाच्या जवानाबद्दल. "सर्जेराव रातच्या पहाऱ्याला हुता. त्याच्या मागनं पाळी माझी. मी येळंवर गेलो तर जागा मोकळी. पळाला त्यो."

मुडदा कवाच गावला न्हाई. फौजेनं कागदावर बेपत्ता लिवलं. पर गावाला तेवढं बास झालं. गावात हुतात्म्यांचा दगड हाय, त्याच्यावर सर्जेरावाचं नाव न्हाई. बायकू अंबूबाई. तवा इशीची बी नसंल. सारा जनम 'पळपुट्याची बायकू' म्हनून त्याच गावात काढला तिनं. कुंकू पुसलं न्हाई, माहेरी गेली न्हाई, कुनाफुडं मान खाली घातली न्हाई.

दिस मावळताना कृष्णात तिच्या दारात पोचला. आपला नेम सांगितला आन् मोबाईलवर हवालदाराचं बोलनं लावलं. म्हातारीनं समदं ऐकलं, डोळा लवला न्हाई.

"झालं? आता माजं ऐक," म्हनली. "पळनारा मानूस कुठं पळतो रं? घराकडं. ह्यो माज्या उंबऱ्यापातूर आला न्हाई. मग पळाला कुठं?"

कृष्णात म्हनला, "आवं काकू, मी फकस्त..."

"खुशाल छाप. पर तुजा नेम हाय न्हवं, तोंडावर ऐकवायचा? मग मला काय ऐकवतोस? जाताना वड्याच्या वाटंनं जा. अमावस्येला अंदार पडला की त्या वाटंला गावातलं कुत्रं जात न्हाई. भूत हाय म्हनत्यात. असंना. माजंच हाय ते. त्याला ऐकीव जा."

काय पोरी? सरहद्दीवर मेल्याला मानूस आटपाडीच्या वड्यावर कसा? दम धर जरा. मधी बोललीस की गोष्टीचं शेपूट हातातनं सुटतं.

म्हातारीनं भाकरी-आमटी जेवू घातल्याबिगर सोडला न्हाई त्याला. राग रागाच्या जागी, जेवनाचं पान पानाच्या जागी. रातचं दहा वाजून गेल्तं. सडकेनं सरळ जायाचं सोडून कृष्णातनं गाडी वड्याकडं वळवली. मनात म्हनला, नेम आपलाच. आपनच मोडला तर फौजेत शिकलो काय, खाक?

वाटंला चिटपाखरू न्हाई. दोन्ही अंगाला बाभळी. म्होरं वड्यावरचा बुटका फरशी पूल. गाडी फरशीवर चढली, आन्...

"थम!"

फौजीचे पाय डोक्याला इचारत न्हाईत. कृष्णातनं गाडी जागच्या जागी बंद केली. लाईट गेला. अंदार असा, की सोताचा हात दिसंना.

"कौन आता है?"

"दोस्त," कृष्णात म्हनला. जुनी सवय.

फुडं काय न्हाई. नुसता श्वास... म्होरनं. मग डाव्या अंगानं. मग कानापाशी. गार. मढ्यासारखा गार.

मला सोताच्या तोंडानं सांगितलंय त्यानं, "नाना, लढाईत भ्यालो न्हाई एवढा भ्यालो." पर भ्याला म्हनून पळाला न्हाई गडी. खिशातनं मोबाईल काढला. म्हनला, "मी सुभेदार कृष्णात. सर्जेराव, तुज्याबद्दल एक जन बोललाय. तुज्या तोंडावर ऐकवतो. पटलं न्हाई तर घाल गोळी."

लावलं. हवालदाराचा आवाज वड्यात घुमला. "...जागा मोकळी. पळाला त्यो."

खट्.

रायफलीचा बोल्ट. छातीम्होरं.

कृष्णात हलला न्हाई.

मग... लय येळानं... आवाज आला. जवान पोराचा आवाज. रडल्यागत.

"बदली... आली न्हाई."

...

आता समजलं का पोरी? उद्या वर्दी घालशील, ध्यानात ठेव. पहाऱ्याला उभा ऱ्हायला, की बदलीचा गडी येऊन जागा घेत न्हाई तवर हलायचं न्हाई. गारठा पडू दे, गोळा पडू दे. ह्याची बदली आलीच न्हाई. ह्यो तिथंच उभ्या उभ्या मेला. मेल्यावर जीव घराकडं वडला, हितपातूर आला. पर घरात जायाचं कसं? पहारा कुठं सुटला हुता? मग गावाच्या तोंडाला ऱ्हायला उभा. बायकूचा दिवा दिसतोय, आन् पाऊल उचलायची सोय न्हाई. असल्या मानसाला पळपुटा म्हनत्यात! जीभ झडत न्हाई यांची!

कृष्णातची भीती गेली न्हाई. पर भीतीच्या उरावर राग चढून बसला. टाचंला टाच मारली. वरडला, "सर्जेराव! बदली आली! सुभेदार हुकूम देतोय. जागा माजी. तू घरला जा!"

बाभळीचं पान हलंना.

मग त्याच्या दोन्ही हातांवर कायतरी आलं. दिसत न्हवतं. वजन हुतं. रायफलीचं वजन... कुनाबी फौजीला इचारा, झोपंत वळकंल.

मागनं बूट वाजलं. गावाकडं. टक... टक... टक...

कृष्णातनं मागं बगितलं न्हाई. पहाऱ्यावर मागं बगत न्हाईत. उजाडस्तवर तिथंच उभा. हात आखडलं, पायांचं लाकूड झालं, हलला न्हाई. तांबडं फुटलं तवा हात हलकं झालं.

पयला फोन लावला साताऱ्याला. "काका, एकच इचारतो. त्या राती तुमी बदलीला गेलता का?"

"लय गार हुतं रं, कृष्णात..."

फोन बंद.

तसाच अंबूबाईच्या दारात गेला. अंगनात निम्मं गाव गोळा. तिच्या उंबऱ्याची पायरी काळ्या पाषानाची, टाकी मारली तर ठिनगी उडावी असली. त्या पायरीत बुटाचं पाऊल उमटल्यालं. टाचंचा लोखंडी नाल, तळव्याचं खिळं, समदं दगडात रुतल्यालं, बोट घातलं तर पेरभर आत जातंय. चवडा घराकडं, टाच वाटंकडं.

सरपंचानं बोट घालून बगितलं. घासून बगितलं. पानी वतून बगितलं. मग हळूच म्हनला, "अंबूबाई, हुतात्म्यांच्या दगडावर नाव घालू आमी. ह्याच आठवड्यात घालू."

म्हातारी दारात कंबरंवर हात ठिवून उभी. म्हनली, "घाला न्हाईतर नका घालू. पळाला म्हनत हुतासा न्हवं समदी? आत गेल्यालं पाऊल हे हाय. बाहीर आल्यालं एक दावा मला."

समद्यांनी अंगन धुंडाळलं. एक बी गावलं न्हाई.