मॅगझिनमधली दहावी गोळी

"मी विसरले असेन तर तसं तोंडावर सांग," खुर्चीत टेकायच्या आधीच ओपल स्टॉडर्ड म्हणाली. "मग मी घर सोडते. पण विसरले नसेन, तर ते कुणी केलं तेवढं मला हवंय."

व्हर्ना ट्रस्कने तिच्यापुढे कॉफी सरकवली. शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर व्हर्नाने वायोमिंगच्या या टोकाला खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. ऑफिस म्हणजे गुरांच्या खाद्याच्या दुकानामागची एक खोली. कोपऱ्यात तिचा चुलतभाऊ मर्ल बसला होता. मर्लने उभा जन्म शाळेची बस चालवली. आता तो व्हर्नाची गाडी चालवायचा आणि तिला नको ते प्रश्न विचारायचा.

"काय झालं ते क्रमाने सांगा," व्हर्ना म्हणाली.

"रविवारी संध्याकाळी घरातले दिवे गेले. मागचं दार वाजलं. मी पलंगाजवळच्या तिजोरीतून पिस्तूल काढलं आणि हॉलमध्ये आले. पलीकडच्या टोकाला एकजण उभा. अंगात थंडीचा डगला, तोंडाला लोकरी बुरखा. त्याच्या मागे खिडकी होती, बाहेरच्या बर्फाचा उजेड होता, म्हणून दिसला तरी. मी पिस्तूल रोखलं. त्याने मान फिरवली आणि डोळ्यांवर हात आडवा धरला. मला वाटलं, चला, घाबरला, शरण येतोय. म्हणून मी चाप ओढला नाही, पिस्तुलावरचा दिवा लावला. तर हा सरळ माझ्या अंगावर चालत आला."

"मग?"

"मग ओढला चाप. नुसतं खट् झालं." ओपलने हवेतच बोट ओढून दाखवलं. "तो माझ्या शेजारून गेला, बश्यांची मांडणी आडवी केली आणि निघून गेला. चोरलं काहीच नाही."

तिने दिराला, हार्लनला, फोन केला. तो लगेच बंदूक घेऊन आला, पाठोपाठ शेरीफचा डेप्युटी टॅगर्ट आला. टॅगर्टने पिस्तूल उघडून पाहिलं. मॅगझिन दहाच्या दहा गोळ्यांनी गच्च आणि वर चेंबर, म्हणजे जिथून गोळी उडते तो नळीच्या मागचा कप्पा, रिकामं. बाई मॅगझिन भरून आत घालते आणि पहिली गोळी वर चढवायला विसरते, असा त्याने निकाल दिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईबद्दल असा निकाल द्यायला फार वेळ लागत नाही.

"आणि तुम्ही विसरत नाही?"

"हार्लनने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, वर गोळी नसेल तर ते पिस्तूल नाही, वरवंटा आहे. माझा नवरा एव्हरेट गेल्यापासून माझं सगळं तोच बघतो. हे पिस्तूलही त्यानेच निवडलं. शनिवारी येऊन त्याने नळीखाली दिवा बसवून दिला, माझ्या वाढदिवसाची भेट. तो गेल्यावर मी स्वतः भरलं आणि झोपताना वर बोट लावून पाहिलं. गोळी होती."

"त्याच्यासमोर का नाही भरलं?"

ओपलने कॉफीत बघितलं. "नाही भरत मी कुणासमोर."

"तिजोरीचा आकडा कुणाला ठाऊक?"

"एव्हरेटची जन्मतारीख आहे. कर्बीला, माझ्या मुलाला माहीत, तो शनिवारपासून रविवार दुपारपर्यंत इथेच होता. हार्लनला माहीत. आणि तिजोरी विकली त्या वेंडेलला, त्यानेच आकडा लावून दिला. रविवारी सकाळी मी चर्चला जाते हे तर गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे."

"घर सोडलंत तर ते कुणाचं?"

"हार्लनचं. सासऱ्यांनी तसं लिहून ठेवलंय, मी राहीन तोवर माझं. पण त्याला काय करायचंय? त्याने परवाच स्वतःच्या घरात घर गरम ठेवायची नवी भट्टी बसवली. कर्बीच मागे लागलाय, आई, माझ्याकडे चल म्हणून. रविवारपासून रोज फोन. आणि माझं असं झालंय व्हर्ना, की गॅस बंद केला का हे बघायला मी दोनदा उठते. आधी कधी उठत नव्हते."

ती गेल्यावर मर्ल म्हणाला, "म्हातारी विसरली. माझी आई तर चष्मा फ्रिजमध्ये ठेवायची."

"तुझ्या आईने पिस्तूल रोखलं आणि कुणी तिच्या अंगावर चालून आलं, असं झालं होतं का?" व्हर्नाने कोट चढवला. "माणूस रोखलेल्या पिस्तुलावर कधी चालून जातो, मर्ल?"

"वेडा असेल तर."

"किंवा ते उडणार नाही हे पक्कं ठाऊक असेल तर."

*

वेंडेल क्रमचं दुकान गावाबाहेर होतं, मागे गोळीबाराची रेंज. रेंजचं कुंपण ओपलच्या कुरणाला टेकलेलं, आणि ते कुरण वेंडेलला हवं होतं, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"हवंय तर," तो म्हणाला. "लांब पल्ल्याची रेंज करायचीय. दर वर्षी विचारतो, दर वर्षी ती हाकलते. पण त्यासाठी मी बुरखा घालून बायकांच्या घरात शिरू? हे पोट मावेल असा डगलाच मिळायचा नाही."

"पिस्तूल तुझ्याकडूनच घेतलं ना तिने?"

"माझ्याकडून, पण माझं ऐकून नाही." वेंडेलने काचेवर कोपरं टेकली. दुखऱ्या जागी बोट लागलं होतं. "मी तिच्यापुढे रिव्हॉल्व्हर ठेवलं. घरात ठेवायला सोपं, चाप ओढला की उडतं, स्प्रिंगशी झटापट नाही. निशाणेबाजीची हौसच असेल तर बावीस बोअरचं दुसरं घे म्हटलं, स्वस्तात सराव होतो. तिला पटलंही होतं. तेवढ्यात हार्लन म्हणाला, माझ्या भावाची बायको असलं खेळणं वापरणार नाही. झालं. नऊ एमएमचं घेतलं. कमरेला लावायचं होल्स्टर, कानात घालायची बोंडं, चष्मा, सगळं त्याने निवडलं. परवा तो दिवाही घेऊन गेला."

"दिव्याचं आणखी कुणाला माहीत?"

"मी विकला, त्याने नेला. मी काय छापून आणू?" वेंडेलने आवाज उतरवला. "आणि आता तिची फजिती बघतो ना मी रेंजवर. अंगठ्याचा सांधा गेलाय तिचा. नऊ गोळ्या कशाबशा दाबते, दहावी काही केल्या आत जात नाही. मी म्हटलं, गोळ्या भरायचं हत्यार घे, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाली, घरात ते दिसलं की हार्लन हसेल. त्याला यातलं अक्षर सांगू नकोस. नऊ तर नऊ."

व्हर्नाने सरावाच्या नकली गोळ्यांची डबी घेतली. त्यांत दारू नसते, पण वजन आणि आकार खऱ्याचाच. मर्ल बाहेर आल्यावर म्हणाला, "हाच. कुरणासाठी. शिवाय दिव्याचंही याला माहीत."

"तू जिथे थांबतोस तिथून पुढे बघत जा जरा."

*

कर्बी आईला न्यायला आला होता. स्वयंपाकघरात खोकी बांधून तयार होती, आणि ओपल आत कपाट आवरत होती, म्हणजे एकच कपाट पुन्हा पुन्हा उघडून बंद करत होती.

"मला पिस्तूल घरात नकोच होतं," कर्बी म्हणाला. "आई एकटी, वय झालेलं. उद्या मीच दारातून आलो आणि तिने मला गोळी घातली म्हणजे?"

व्हर्नाने ओपलचं पिस्तूल नकली गोळ्यांनी भरून टेबलावर ठेवलं. "दारू नाही यात. एवढं रिकामं करून दे."

कर्बीने ते मेलेला उंदीर उचलावा तसं उचललं. खटका शोधायलाच त्याला वेळ लागला. मॅगझिन निसटून खाली पडलं. "हे घ्या. रिकामं."

मर्लने डोळे मिटले. व्हर्नाने पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. चेंबरमधली गोळी टुणकन बाहेर पडून सोफ्याखाली गेली.

"हे वर कुठून आलं?" कर्बीने विचारलं, आणि त्याचा चेहरा खरोखरच भाबडा झाला होता.

"पिस्तुलावरचा दिवा कसा वाटला तुला?"

"दिवा? पिस्तुलाला दिवा कशाला? रस्ता चुकतं की काय ते?"

हार्लन बाहेर ट्रकने अंगणातलं बर्फ ढकलत होता. लांब हाडांचा, शांत माणूस. त्याने काच खाली केली. "वहिनीला त्रास देऊ नका. वय कुणाला चुकलंय? मी तिला त्याच संध्याकाळी म्हटलं, चुका होतात. इथे एकटीने राहण्यात आता शहाणपण नाही."

"रविवारी सकाळी कुठे होता तुम्ही?"

"इथेच, बर्फ ढकलत. दर रविवारी असतो. चर्चला माझं जमत नाही."

"घर तुमच्याकडे येईल आता."

"जन्मलो त्याच घरात," हार्लन म्हणाला. "आईने ते सफरचंदाचं झाड माझ्या नावाने लावलं. पण बापाने घर थोरल्याला दिलं. जुन्या गोष्टी आहेत." त्याने काच वर केली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ओपलने चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, केली होती आणि सोबत दालचिनीचे रोल. हे तिचं इथलं शेवटचं जेवण, असं कर्बीने ठरवून टाकलं होतं. वेंडेल आला, डेप्युटी टॅगर्ट टोपी मांडीवर घेऊन बसला. टेबलाच्या कडेला ओपलचं पिस्तूल होतं.

"हार्लन, ते जरा रिकामं करता का?" वाडगे मांडत व्हर्ना म्हणाली. "नकलीच गोळ्या आहेत, ओपलबाई भरतात तशाच भरल्यात. पण जेवणाशेजारी बरं दिसत नाही."

हार्लन टॅगर्टशी एल्क हरणाच्या शिकारीबद्दल बोलत होता. बोलता बोलताच त्याने मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, उडालेली गोळी हवेतल्या हवेत तळव्यात झेलली, अंगठ्याने ती मॅगझिनमध्ये दाबली आणि पिस्तूल उघडं ठेवून दिलं. नजर टॅगर्टवरून हललीसुद्धा नाही.

"सुंदर," व्हर्ना म्हणाली. "टॅगर्ट, त्या मॅगझिनमध्ये किती आहेत ते बघ."

टॅगर्टने मॅगझिनच्या कडेची, गोळ्या मोजायची भोकं पाहिली. "दहा. गच्च."

"आणि चेंबर रिकामं. रविवारी तुला मिळालं तसंच, बरोबर?" तिने मॅगझिनमधली वरची गोळी बोटाने काढली आणि दोन्ही वस्तू ओपलपुढे ठेवल्या. "ही परत आत घाला."

ओपलने एकदा हार्लनकडे पाहिलं, मग खाली. तिने गोळी टेकवली आणि दाबली. अंगठा पांढरा पडला, सांधा थरथरला, गोळी निसटून चिलीच्या वाडग्याला लागली. तिने पुन्हा दाबून पाहिलं. जमलं नाही. लाजेने तिचा चेहरा लाल झाला.

हार्लन ते पहिल्यांदाच बघत होता.

"त्यांना दहावी गोळी भरता येतच नाही," व्हर्ना म्हणाली. "वर एक, खाली नऊ, असंच त्या ठेवतात. त्या विसरल्या असत्या तर मॅगझिनमध्ये नऊ निघाल्या असत्या. दहा निघाल्या, म्हणजे वरची गोळी दुसऱ्या कुणीतरी काढली आणि खाली दाबली. आपल्याकडे हातात आलेली गोळी कुणी इकडेतिकडे टाकत नाही, ती मॅगझिनमध्येच परत जाते. बोटांची सवय आहे. आणि बाई विसरली असं भासवायला ते सोयीचंही होतं."

"ही सवय तर आम्हा सगळ्यांचीच आहे," वेंडेल म्हणाला.

"तुझीही. पण तुला अंगठ्याचं माहीत होतं. तू नऊच ठेवल्या असत्यास आणि आम्ही सगळे फसलो असतो. कर्बीला तर वर गोळी असते हेच ठाऊक नाही. त्याने नुसतं मॅगझिन काढलं आणि पिस्तूल रिकामं म्हणाला." व्हर्ना बसली. "आणि तो बुरखेवाला. ओपलबाईंनी पिस्तूल रोखताच त्याने मान फिरवून डोळ्यांवर हात धरला. दिवा लागायच्या आधी. समोर पिस्तूल आलं की माणूस हात वर करतो, वाकतो, पळतो. उजेड येणार हे ज्याला ठाऊक आहे तोच डोळे झाकतो. दिवा बसवून एकच दिवस झाला होता. तो विकणाऱ्याला ठाऊक होता आणि बसवणाऱ्याला."

मर्लची नजर वेंडेलवरून हार्लनवर गेली.

हार्लनने हातातला चमचा वाडग्याशेजारी ठेवला. "तिला काही करायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर गोळी काढली."

"स्वतःला लागू नये म्हणून काढलीस," ओपल म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या उशाला वरवंटा ठेवलास. त्या वेळात खरा चोर आला असता तर?"

"या घरात मी जन्मलो, वहिनी."

"मग मागायचं होतंस. तोंड होतं ना तुला?" ती ओरडली नाही. "बश्या फोडल्यास, ते जाऊ दे. मला घाबरवलंस, तेही मी गिळलं असतं. पण त्या रात्री तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालास, चुका होतात. मला माझ्याच डोक्याचा भरवसा राहिला नाही, हार्लन. मी रडत होते आणि तू मला रुमाल दिलास."

कर्बीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हळूच बाजूला केला. "खोकी उघड," ती त्याला म्हणाली. "मी कुठेही येत नाही."

टॅगर्ट उठला आणि त्याने टोपी घातली. हार्लनही उठला. तो दारापाशी पोचला तेव्हा ओपलने हाक मारली.

"टॅगर्टच्या कागदावर मी विसरले असं लिहिलंय. खरं काय ते त्याला सांगून जा."

"सांगेन, चौकीत."

"इथे. माझ्यासमोर."

हार्लनने चौकटीला धरलं. "वहिनी विसरली नव्हती," तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

"मोठ्याने," ओपल म्हणाली.