सतरा नंबरचा मेंदू

त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर प्रयोगशाळेत आली आणि दारातच थबकली. तिच्या खुर्चीत तो बसला होता.

तो म्हणजे संगणक विभागातला नवा माणूस. महिनाभरात कुणाशी चार वाक्यंसुद्धा बोलला नव्हता, म्हणून सगळे त्याला 'घुमा' म्हणत. तिची चाहूल लागताच त्याने पडद्यावरची फाइल फटकन बंद केली.

"तुमचं सॉफ्टवेअर… जरा अडकत होतं."

"मी आलेच नव्हते. मग ते अडकलेलं कळलं कुणाला?"

"त्यालाच," म्हणत तो हसला आणि निघून गेला. हसू गोड होतं – म्हणूनच तिला जास्त संशय आला.

एमआरआयच्या चित्रांवरून मेंदूच्या सगळ्यात बाहेरच्या थराची जाडी मोजणं हे तिचं काम. सॉफ्टवेअर त्या थराच्या आत एक रेघ आखायचं आणि बाहेर एक. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे जाडी; विस्मरणाच्या आजारात ती कमी होत जाते. दोन वर्षांची मेहनत आठवड्याभरात विभागप्रमुख मॅडमच्या हाती द्यायची होती आणि नेमका आत्ताच एक आकडा नाचायला लागला होता. सतरा नंबर, निरोगी स्वयंसेवक. सोमवारी दोन पूर्णांक एक मिलिमीटर, बुधवारी दोन पूर्णांक सहा, शुक्रवारी परत दोन पूर्णांक एक!

तिने फाइलच्या नोंदी काढल्या. फाइल नऊ वेळा उघडलेली, नऊही वेळा त्याच्याच पासवर्डने. बाहेरची रेघ चक्क हाताने सरकवलेली… कुठेतरी पाणी मुरत होतं.

दोन दिवस तिने त्याच्यावर पाळत ठेवली. ती बघायची, तो मान खाली घालायचा. चोराच्या मनात चांदणं! त्याच्या पापण्या फार लांब होत्या. पुरावा म्हणून ही गोष्ट निरुपयोगी होती, तरी तिच्या लक्षात राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने त्याला गाठलंच. "सतरा नंबर. कुणाच्या सांगण्यावरून?"

"तो मेंदू माझा आहे."

मशीनमध्ये झोपलेली माणसं तिला तळपायांवरूनच माहीत असत. नावांचे नंबर ऑफिसात व्हायचे आणि ती यादी संगणक विभागाकडे असायची.

"बाबा पन्नाशीत मला ओळखेनासे झाले," तो म्हणाला. "माझा आकडा इतका कमी दिसला आणि… हात गेला. रेघ सरकवली. आकडा वाढला, पण झोप काही लागेना. म्हणून परत होती तिथे आणली."

तिचा राग कुठल्या कुठे गेला, पण संशय मात्र जागाच होता. यावेळी आकड्यावर. तिने रेघा पुसल्या आणि मूळ चित्र उघडलं. कवटीच्या कडेने पाण्यावर उठावेत तसे फिकट तरंग.

"तुम्ही हललात."

"छे!"

"हललात. चित्र अंधुक झालं की सॉफ्टवेअरला थर आहे त्याहून पातळ दिसतो. का हललात?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही माइकवरून म्हणालात – 'श्वास घ्या हं, श्वासाला बंदी नाही.' मला हसू आलं."

दुसऱ्या दिवशी स्कॅन पुन्हा झालं. या खेपेला तिने तोंडातून ब्रही काढला नाही. आकडा आला – दोन पूर्णांक सहा!

"हे काही भविष्य नाही हं," ती हळूच म्हणाली. "पण आज तुमचा मेंदू ठणठणीत आहे."

तो उठला तो थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि आपण होऊन सगळं सांगून आला. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला होता, पण पावलं हलकी होती.

"महिनाभर या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणाल्या."

"बरोबरच आहे."

"अजून संशय आहे माझ्यावर?"

"आहे. त्या वाक्यावर हसण्यासारखं काय होतं?"

"वाक्यावर नव्हतो हसलो…" तो अडखळला. "तो आवाज… ऐकतच राहावासा वाटला. त्या आनंदात हसलो. म्हणूनच तर इथे बदली मागून घेतली."

ती त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. खोटं बोलत नव्हता.

"बंदी फक्त खोलीत आहे ना?" ती म्हणाली. "मग दाराबाहेर थांब. सहाला सुटते मी."