मोरू मुकादमाची ट्रॉली

कंदील जरा बारीक कर रे गोमा. आणि मागं बसलेल्यांनी हसायचं नाही. ही गौराबाई माझ्या नात्यातली, केळवलीची. ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही, मग खोटं कशाला बोलेल?

साल चव्वेचाळीस. मार्गशीर्षातली अमावास्या, रात्रीचे साडेदहा. तिची लेक सोनुबाई सकाळपासून अडलेली होती. सुईणीनं हात टेकले. म्हणाली, "कर्जतच्या दवाखान्यात न्या. पहाटपर्यंत टिकायची नाय." बैलगाडीनं जायचं तर वाटेतच पहाट झाली असती. तेव्हा गौराबाईनं लेकीला बाजेवर निजवलं, जावयाला, सहदेवला, एका बाजूला लावलं, दुसरी बाजू स्वतः उचलली आणि रुळाच्या कडेनं, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या खोलीकडे निघाली.

तिथं गँगची ट्रॉली असायची. चार चाकांवरची फळी ती. रुळावर ठेवायची आणि गड्यांनी रुळावरून अनवाणी धावत ढकलायची. मोरू मुकादमाच्या वेळेला गावातलं आजारी माणूस तिच्यावरूनच कर्जतला जायचं. अडलेली बाई असली, तर त्याचे तिघे गडी फळीवर गवत अंथरायचे. रुळाचा सांधा आला की चौघं मिळून ट्रॉली हातांवर तोलून धरायचे, बाईला धक्का बसू नये म्हणून. प्रत्येक सांध्याला, बरं का! हे कुणी शिकवलं होतं त्यांना? कुणी नाही. भली माणसं होती. त्या रात्रीच्या दहा वर्षं आधी घाटात दरड उपसताना चौघंही तिच्याखाली गेले.

मग रेल्वेचा नवा साहेब आला. ट्रॉलीला साखळी आली, कुलूप आलं. बाहेरचं माणूस बसलं तर राखणदाराची नोकरी गेलीच म्हणून समजा. लढाईचे दिवस, साहेबांना भलताच जोर चढलेला.

राखणदार नागूनं हात जोडले. "मावशी, चावी सायबाकडं हाय. माझ्या हातात काय नाय."

"मंग उठीव त्याला."

"तो कर्जतला निजलाय गं."

गौराबाईनं लेकीला उचलून त्या बांधलेल्या ट्रॉलीवर ठेवलं आणि शेजारी फतकल मारून बसली. "मी हितनं हालायची नाय. ही ट्रॉली मोरूभाऊची हाय, तुझ्या सायबाच्या बापाची नाय!" मग अंधाराकडे तोंड करून खच्चून ओरडली, "मोरूभाऊ! तुमची ट्रॉली बांधून घातलीय रं यांनी! बघताय काय?"

रातकिडे थांबले.

नागूच्या हातातला कंदील विझला. वारा नव्हता... लेकीचं कण्हणं थांबलं. मग साखळी खळकन गळून पडली आणि ट्रॉली उचलली गेली. चारी बाजूंनी. अलगद. चाकं रुळावर टेकली. सहदेव कसाबसा कडेला चढला.

ट्रॉली निघाली.

"आत्या... ढकलतंय कोण?" सहदेवनं सासूला विचारलं.

"गप बस."

ती कान देऊन ऐकत होती. सांधा यायला हवा होता. खट् वाजलं नाही. दुसरा... नाही. तिसरा... नाही. पावलांचाही आवाज नव्हता. तरी कुणीतरी ट्रॉली तोलून धरत होतं. तेव्हा तिला कळलं. सहदेवनं डोळे घट्ट मिटले होते. ती मात्र मागं वळली. आपल्या लेकीसाठी धावणाऱ्यांकडे बघायला भ्यायचं कशाला, म्हणे. काय दिसलं, असं मी तिला विचारलं होतं. तिनं नुसते पदरानं डोळे पुसले.

पळसदरीच्या पुढं ट्रॉली थांबली. उचलली गेली. रुळाबाहेर ठेवली गेली. काळोख... शांतता... आणि दिवे झाकलेली लष्कराची मालगाडी हातभरावरून धडधडत गेली. मग चाकं पुन्हा रुळावर.

पावणेबाराला कर्जत आलं. सोनुबाईला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

सकाळी साहेब दवाखान्यातच येऊन गरजला, "साखळी नागूनं तोडली. त्याची नोकरी आजच गेली!"

गौराबाई नातीला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "नागूनं हात बी लावला नाय. ज्यांची ट्रॉली त्यांनी आणली. जावा, त्यांची नोकरी घ्या."

साहेब तणतणत स्टेशनात गेला. ट्रॉली आणणाऱ्यानं तिथल्या वहीत सही करायची, सही येत नसेल तर अंगठा द्यायचा, असा रेल्वेचा रिवाज. रात्रीच्या पानावर चार अंगठे होते, वंगणात बुडवून उठवलेले. साहेबानं पान टराटरा फाडलं. खालच्या पानावर तेच चार. तेही फाडलं. त्याच्याखाली पुन्हा चार... स्टेशनमास्तर भिंतीला पाठ लावून बघत होता. पानं संपत आली. नागूचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

शेवटच्या पानावर तो थांबला. तिथलं वंगण अजून ओलं होतं.