तुळईला बोललेला नवस

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. चारुदत्त माझा सख्खा मावसभाऊ. आणि त्या दिवशी त्याच्या घरात असलेले दिगंबरकाका अजून धडधाकट आहेत. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. अमेरिकेत, ओहायोतलं डब्लिन. बाहेर गुडघाभर बर्फ.

चारूदादाची बायको सुनेत्रा न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती. घरात दोघंच, मूलबाळ नाही. एकमेकांवर फार जीव. रोज ऑफिसला निघताना तो दारातून "येतो" म्हणायचा. एरवी अरे-तुरे करणारी सुनेत्रा तेवढ्यापुरती थट्टेने अहो-जाहो करायची. "या हं. लवकर या."

तिला दिवाणखान्यातल्या फायरप्लेसवर, भिंतीत फळीसारखी बसवलेली जुन्या ओकची तुळई हवी होती. पाडायला काढलेल्या एका कोठारातून तिनेच ती पसंत केली होती. सुनेत्रा घरी यायच्या आत तुळई बसवायची, असा चारूदादाने चंगच बांधला. तुळई बसली की सुनेत्रा बरी होणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्या दुपारी गराजमध्ये तो तारेच्या ब्रशने लाकूड घासत होता.

खर्र... खर्र...

दमून थांबला.

आवाज मात्र थांबला नाही...

तुळईच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी घासत होतं. तो वळला, तसं सगळं शांत झालं. तिथे कुणीच नव्हतं. फक्त लाकडाचा ताजा भुसा पडला होता.

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. सुनेत्राला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं.

तो गाडीकडे धावला. पण स्नो इमर्जन्सी लागलेली. रस्ते बंद. गाडी ड्राइव्हवेतच रुतली. शेजारचे दिगंबरकाका बर्फ तुडवत आले.

"अरे, बर्फ काढणारा प्लाऊ आल्याशिवाय कोणी पोचणार नाही. आत चल, बस जरा."

"बसलो तर मला वेड लागेल, काका. तुळईला हात लावा. प्लीज."

काकांना त्याच्या तोंडाकडे बघवेना. दोघांनी मिळून काम उरकलं. तेलाचा हात दिला. आत नेऊन, फायरप्लेसच्या वर भिंतीत घट्ट बसवलेल्या लोखंडी सळयांवर ती अजस्र तुळई सरकवली. बसली. केसभरही फट नाही.

मग चारूदादाने हळद-कुंकू आणलं. आपल्याकडे दाराची चौकट बसवताना पूजा करतात, तशी त्याने तुळईची केली. नारळ फोडला.

नारळात पाण्याचा थेंब नव्हता...

आणि त्याचा बांध फुटला. तुळईला दोन्ही हातांनी धरून तो ढसाढसा रडला. "माझ्या सुनेत्राला घरी आण. तिला जाऊ देऊ नकोस. मागशील ते देईन!"

काका दचकले. "चारू! नवस देवाला बोलतात रे. लाकडाला नाही. हे कुठलं, कुणाचं, काही माहीत आहे का आपल्याला?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी खोकलं...

सुनेत्राचा खोकला. दोघांनीही ऐकला.

चारूदादा जिना चढून गेला. खोली रिकामी. पण उशीवर खळगा पडलेला... आणि पांघरूण ऊबदार.

खाली फोन वाजत होता. काकांनी उचलला.

सुनेत्रा गेली होती.

दिवस झाले. नातेवाईक आले, गेले. पण रोज संध्याकाळ झाली की तुळईखालच्या खुर्चीत कोणीतरी खोकायचं. अगदी हळू... कुणाला त्रास नको म्हणून खोकावं तसं.

आधी चारूदादाला बरं वाटलं. मग जाणवलं, तो खोकला थांबतच नाही. तिचा त्रास संपलाच नव्हता. त्यानेच तिला अडकवून ठेवलं होतं.

त्याने तुळई काढायला घेतली. पहार लावली, करवत लावली. भिंतीचे पोपडे निघाले. तुळई हलेना. आणि करवत चालली की आतून सुनेत्रा कळवळायची...

त्याने करवत फेकून दिली.

शेवटी काकांनी ठरवलं. घर विकायचं, चारूला भारतात पाठवायचं. बॅगा गाडीत गेल्या. काका ड्राइव्हवेत उभे. चारूदादा दार ओढून घेत होता. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं...

"येतो."

जिथलं माणूस गेलंय, त्या घरातून निघताना हा शब्द कोणी उच्चारत नाही.



मग तुळईखालून, धापा टाकत...

"या हं... लवकर या."

चारूदादा ड्राइव्हवेत आला. गाडीपाशी थांबला. काकांकडे बघून केविलवाणं हसला. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला होता. तो त्याने हलकेच सोडवला आणि परत आत गेला.

घर विकलं गेलं नाही. तो अजून तिथेच आहे. घरूनच काम करतो.

मागच्या रविवारी मी त्याला व्हिडिओ कॉल केला. पार वाळलाय. मागे ती तुळई, जिथल्या तिथे. मी रडून विनवलं, "चारूदादा, तुझ्या आईसाठी तरी ये रे. चार दिवसांसाठी ये."

त्याने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं.

"नाही म्हणतेय," तो म्हणाला.

आणि मग चारूदादा स्वतःच खोकला. अगदी हळू... तिच्यासारखा.