जुळ्यांचा नियम

मंगळवारी दुपारी साडेतीनला नजीर चहाचे कप न घेताच आत आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे हेमांगीला कळायला हवं होतं. वाघदरी धरणाच्या सुरक्षा कक्षाची ती प्रमुख, आणि नजीर तिचा एकुलता एक सहकारी. धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या संगणकांकडे बाहेरून कोण डोकावतंय, यावर नजर ठेवणं हे दोघांचं काम.

त्यासाठी सहा टेहळणी-प्रणाली होत्या. एक संगणकांच्या उघड्या राहिलेल्या वाटा शोधायची, दुसरी चोरीला गेलेल्या याद्या धुंडाळायची, तिसरी कर्मचाऱ्यांच्या घरच्या फोनवर लक्ष ठेवायची. तशी संमती सगळ्यांनी सही करून दिली होती, कारण हल्ली चोर कचेरीच्या दारातून येत नाही, नातेवाइकांच्या फोनमधून येतो. सहाही जणी आपापल्या भाषेत कुरबुरायच्या. त्यांचे पेड एकत्र विणणारी प्रणाली म्हणजे ‘गोफ’, आणि तो हेमांगीने बनवला होता.

गोफमध्ये तिचा एक लाडका नियम होता. एकच गोष्ट दोनदा दिसली तर एक ठेवायची, दुसरी टाकून द्यायची. सगळे त्याला जुळ्यांचा नियम म्हणत. रोजचे अकरा हजार इशारे या नियमाने चाळिसावर आणले होते. त्याबद्दल हेमांगीला शाल-श्रीफळ मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून ती जराशी शिष्टही झाली होती.

“मॅडम, तपासणीसाठी मी जुळ्यांचा नियम तासभर बंद केला होता,” नजीर म्हणाला. “हे बघा काय वर आलंय.”

पडद्यावर एकोणीस दिवसांची नोंद होती. रोज दोन फोन, हेमांगीच्या नंबरवरून, हेमांगीच्याच आवाजात, तिच्या आईला. पहिला दुपारी सव्वा वाजता, दोन मिनिटांचा. दुसरा चार वाजता, चाळीस मिनिटांचा.

“चार वाजता मी कधीच फोन करत नाही,” हेमांगी म्हणाली.

“म्हणूनच चहा विसरलो मी.”

नंबर तोच, आवाज तोच, ऐकणारी तीच. गोफने रोज इमानेइतबारे दुसरा फोन टाकून दिला होता, जसं तिने शिकवलं होतं तसं. आता नियम उठल्यावर बाकीचे पेडही त्या फोनला येऊन मिळाले. दरवाज्यांच्या संगणकापर्यंतची वाट कुणीतरी महिन्यापूर्वीच शोधून ठेवली होती. चोरीच्या एका यादीत लिहिलं होतं की दरवाज्यांचं दुसरं टोकन हेमांगीच्या ताब्यात आहे. आणि आईच्या दिवाळीच्या फोटोत देवघरासमोर वातींचा डबा उघडा होता, त्यातून निळं टोकन डोकावत होतं.

टोकन म्हणजे किल्लीएवढं यंत्र. दर मिनिटाला ते नवे सहा आकडे दाखवायचं, आणि ते आकडे दिल्याशिवाय दरवाजे उघडत नसत. चोराच्या बापालाही सुचणार नाही म्हणून तिने ते आईकडे ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आईचं गाव निंबखेडा, धरणाच्या अगदी खाली, आणि तिथला मंगळवारचा बाजार नदीच्या कोरड्या पात्रात भरतो. आज मंगळवार होता. चारच्या फोनवर आईने आकडे वाचून दाखवले, की दरवाजे उघडणार आणि पाणी थेट बाजारावर येणार. चारला पंधरा मिनिटं कमी होती.

“टोकन रद्द करायला धरणाच्या मोठ्या साहेबांचा अंगठा लागतो, आणि ते दौऱ्यावर आहेत, फोन लागत नाही,” नजीर म्हणाला. “वीजघराची किल्ली माझ्याकडे आहे. जाऊन दरवाज्यांची वीजच तोडतो. पंचवीस मिनिटं लागतील.” तो धावतच निघाला.

तिने सरपंचांना फोन केला. त्यांनी बाजार उठवतो म्हणून सांगितलं, पण मांडलेला बाजार काय चुटकीसरशी उठतो? मग तिने आईचा नंबर लावला.

“कोण बोलतंय?” आईने विचारलं. रोज ती “बोल गं” म्हणायची.

“आई, मी हेमा. ऐक, डब्यातलं ते निळं यंत्र...”

“हेमा हायेस तर सांग, परवा माजी कुठली दाढ काढली?”

काल आई बोबडं बोलत होती खरी. हेमांगीला वाटलं होतं, लाइन खराब आहे.

“माज्या हेमाला समदं ठावं हाय,” आई म्हणाली. “तिनं बजावलंय मला. ‘माज्या आवाजात कुणी बाई फोन करंल, यंत्राचं विचारंल, तिला काय बी सांगू नगंस.’”

फोन बंद झाला. हेमांगीला रडू फुटलं. पण रडायला वेळ नव्हता. आईला पटवण्यात आता अर्थ नव्हता, नजीर वीज तोडेपर्यंत आईला फोनवर धरून ठेवणं तेवढं हातात होतं. तिने पुन्हा नंबर लावला.

“ठेवू नकोस. मी यंत्राचं नावसुद्धा काढणार नाही. मला दाढेचं काहीच माहीत नाही, आई. तूच सांग.”

पलीकडे पाट सरकवल्याचा आवाज आला.

“लई दुखली,” आई म्हणाली. मग ती सांगत गेली. तालुक्याला एकटीच एसटीनं गेली होती. परत येताना तोंडात कापूस, कंडक्टरला गावाचं नावही सांगता येईना, शेवटी त्याच्या हातावर बोटानं लिहून दाखवलं. हेमांगी डोळे पुसत ऐकत होती आणि पडद्यावर नजीरच्या जीपचा ठिपका बघत होती. ठिपका अजून घाटातच होता.

चार वाजले. फोनमध्ये टुक टुक वाजायला लागलं.

“थांब,” आई म्हणाली. “हेमाचा फोन येतोय. तुज्या नावाखाली परत त्येच नाव दिसतंय.”

“घेऊ नकोस, आई. कंडक्टरचं सांग. पुढे काय झालं?”

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. टुक टुक थांबत नव्हतं.

“बाई, एक खरं सांग,” आई हळूच म्हणाली. “तू माजीच हेमा असशील, तर तुला आज येवढा येळ कुठनं मिळाला?”