होळीनंतरची छाटणी

मुलगी बघायला आलेला जितेंद्र आत सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. आणि नुसता सोबत म्हणून धुळ्याहून आलेला त्याचा मावसभाऊ अंगणात फालशाच्या झुडपापुढे उभा राहून खुशाल फळं तोंडात टाकत होता. ना विचारणं, ना संकोच! मेघा पाण्याचे ग्लास घेऊन दारात आली ती नेमकी त्याच्यासमोर.

"हे... तुम्ही लावलंय?" जांभळी बोटं पाठीमागे लपवत त्याने विचारलं.

आता, मुलगी दाखवताना घरातली प्रत्येक चांगली गोष्ट तिच्या नावावर करायची, हा आपल्याकडचा नियमच. स्वयंपाकघरातून लतावहिनीने आवाज दिला, "मेघानेच हो! लहान मुलासारखं जपते त्याला!" खरं म्हणजे मेहरूणमधल्या त्यांच्या अंगणात झुडूप वहिनीने लावलं होतं, शेणखत वहिनी घालायची, पाणी वहिनी द्यायची. मेघाकडे फक्त खाण्याचं खातं होतं.

"आमच्याकडे पण आहे," तो म्हणाला. नाव नवल, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. "आईचं आहे. पण फळ येतं ते असं बेताचंच. तुम्ही छाटता कधी?"

माहीत नाही, एवढं म्हणून मोकळं व्हायचं ना! पण तो इतक्या कौतुकाने बघत होता, की मेघाची जीभ सैल सुटली.

"होळी झाली की," ती ऐटीत म्हणाली. "कमरेएवढं ठेवायचं, बाकी सगळं उडवायचं. दयामाया करायची नाही."

"बाप रे... फारच कडक दिसता."

"झाडांशी."

"म्हणजे माणसांना आशा आहे म्हणायची..."

मेघा घाईने वळली आणि आत पळाली. ग्लास तसेच हातात.

जितेंद्रकडून नकार आला. त्याचं वाईट वाटून घ्यायला मेघाला सवडच मिळाली नाही, कारण त्याच आठवड्यात नवलचा फोन आला. फालशाला खत कोणतं घालू? मग पानं पिवळी का पडली? मग मुंग्या फार झाल्यात, काय करू? बिचाऱ्या झुडपाला एवढे आजार नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. मेघा वहिनीला विचारून विचारून उत्तरं द्यायची. दिवाळीपर्यंत झुडूप मागे पडलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"जेवलीस?"

"हो."

"काय होतं?"

"शेवभाजी... तू हे रोज का विचारतोस?"

"रोज वेगळं उत्तर येतं म्हणून."

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी मेघा अंगणात आली आणि जागीच थबकली. वहिनीच्या हातात कात्री, आणि झुडूप कमरेएवढं उरलेलं.

"आत्ता छाटतेस?"

"मग कधी? आत्ता छाटलं की नवे फुटवे येतात, त्यांनाच फळ धरतं. होळीनंतर कात्री लावली तर फुलंच जातील सगळी."

मेघाने नवलला तर होळीनंतर छाटायला सांगून ठेवलं होतं. एक फोन केला असता तर काम झालं असतं. तिने मोबाइल उचललाही... पण सांगणार काय? की ज्या मुलीवर तू भाळलास, तिने झाडाला कधी हातसुद्धा लावलेला नाही? तो विसरला असेल, असं तिने स्वतःला समजावलं, आणि रात्री नवलशी बोलताना नेहमीपेक्षा जास्तच हसली. त्या हसण्याची तिची तिलाच लाज वाटत राहिली.

विसरतोय कसला! होळीनंतर त्याचा फोन आला.

"चालवली बरं का कात्री! दयामाया नाही केली. आई ओरडत होती, फुलं लागलीत, हात लावू नको. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा मेघाला जास्त कळतं." मग थोडं थांबून, अगदी हळू... "किरणताई सुरतहून आखाजीला माहेरी येते ना, ती आल्यावर आईला घेऊन मी तुमच्याकडे येतो. रीतसर."

ज्या वाक्याची ती वर्षभर वाट बघत होती, ते असं यावं! आनंद व्हायच्या ऐवजी मेघाला कुठे तोंड लपवू असं झालं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली तेव्हा तिने धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत काय बोलायचं ते ठरवत होती, पुढे तेही सुचेना.

नवलने दार उघडलं आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की मेघाला परत फिरावंसं वाटलं. अंगणात ते झुडूप होतं. हिरवंगार, पानांनी भरलेलं... आणि फळ औषधालाही नाही.

"तूच का व ती मेघा?" नवलची आई, कमलबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "ये, बस. मन्ही किरण दरसाल आठे फालसा खावाले येस. औंदा काय देऊ तिले?"

मेघा बसली नाही. "काकू, ते झाड माझं नाही. वहिनीचं आहे. मला छाटणीतलं काही कळत नाही, मी तोंडाला येईल ते सांगितलं होतं. आणि... जानेवारीत मला खरं कळलं होतं."

नवलचा चेहरा उतरला. "जानेवारीत? रोज बोलत होतो आपण."

"हो."

"मग?"

"तू फोन करायचा बंद होशील, अशी भीती वाटली." ती झुडपाकडे बघत म्हणाली. "मला तू हवा होतास... त्यापुढे तुमच्या झाडाचं काही वाटलं नाही मला. वाटायला हवं होतं."

तो आईकडे वळला, पण तिच्या डोळ्याला डोळा देईना. "आई... मी तुला त्या दिवशी फार बोललो."

"बोलना तू. दोन दिन मी जेवनू नही," कमलबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोघांच्या खाली घातलेल्या मानांकडे पाहिलं. "आते फोन लाव किरणले. सांग, औंदा फालसा नही, आखाजीले वहिनी देखाले ये."

"थांब गं. आधी तिला तर विचारू दे." नवल जवळ आला. आवाजात राग अजून थोडा होताच. "मेघा, येशील? ...आणि खरं सांग."

"येईन," ती पुटपुटली. मान वर करायचं धाडस होईना. "पण तुमच्या झाडाला हात लावणार नाही."

"वा व माय! कशी नही लावशी?" कमलबाईंनी तांब्या तिच्या हातात दिला. "आतेच पाणी टाक त्याले. आनि संक्रांतले कात्री तूच धरशी, मी शिकाडसू."