रिझर्व्हला टाक

त्राबांट, म्हणजे पूर्व जर्मनीची जुनी टू-स्ट्रोक गाडी, हायवेवर सुखरूप चालवायची तर पेट्रोलमध्ये मापात मिसळलेलं ऑइल लागतं, उजवी, सावकाश गाड्यांची लेन लागते आणि शेजारी बायको लागते.

बायको प्रेमापोटी नव्हे. या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. टाकी संपत आली की इंजिन खोकतं, आणि रिझर्व्हचा कॉक आहे शेजारच्या माणसाच्या गुडघ्यापाशी. ड्रायव्हरनं वाकायचं म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची; मागे ट्रक असला तर ती पुन्हा लावायची गरज उरत नाही. आमच्याकडे ते खातं जन्मभर रोस्वीटाकडे होतं. मी म्हणायचो, "रिझर्व्हला टाक." ती विणकाम न थांबवता टाकायची. घर जवळ आलं की मात्र न सांगता कॉक बंद करायची. कार्बुरेटरमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर गाडी दारापर्यंत येते. आमचा सगळा सॅक्सनी प्रांत असाच काटकसरी.

मार्चमध्ये रोस्वीटा गेली. मुलगी आनेग्रेट म्हणाली, "बाबा, ते डबडं विका आता."

"डबड्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"बरं, ठेवा. पण एकदा जरी हायवेवर बंद पडली ना, तर किल्ली माझ्याकडे. कबूल?"

कबूल केलं. घरात आवाज करणारं दुसरं कोणी नव्हतं. गाडी निदान खोकायची तरी.

मे महिन्यात प्लाउएनहून परतताना चढावर ती खोकली. मागे ओंडके लादलेला ट्रक. माझी कंबर वाकेना. सवयीनं तोंडातून गेलं, "रिझर्व्हला टाक."

इंजिन सावरलं.

पुढच्या पार्किंगमध्ये थांबून पाहिलं. कॉक रिझर्व्हवर होता. निघतानाच मी टाकला असेल, असं ठरवलं. मग खोकली कशाला, हे काही स्वतःला विचारलं नाही.

त्यानंतर मी टाकी भरणंच सोडलं. मुद्दाम थोडं पेट्रोल घालून निघायचो. खोकली की सांगायचो, आणि इंजिन सावरायचं. शेजारी पाहायचो नाही. रस्त्यावरची नजर काढायची नसते. हळूहळू इतर गोष्टीही सांगू लागलो. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. शेजारच्या क्राविट्सबाईंचं कुत्रं आता माझ्यावर भुंकत नाही. उत्तर यायचं नाही. पण विणताना रोस्वीटा कधी फारसं बोलायचीच नाही.

काल आनेग्रेटकडे निघालो, ड्रेस्डेनला. लांबचा पल्ला, म्हणून टाकी काठोकाठ भरली. लख्ख ऊन होतं. घर कधीच मागे पडलं होतं.

उतारावर इंजिन खोकलं.

"अगं, टाकी भरलेली आहे," मी म्हटलं.

पुन्हा खोकलं, आणि थांबलं.

गाडी आवाज न करता उतरत राहिली. कशीबशी कडेच्या पट्टीवर घेतली. ट्रक जात होते, प्रत्येकासरशी गाडी हलत होती.

फोन वाजला. आनेग्रेट.

"कुठे पोचलात, बाबा?"

मी कंबर धरून वाकलो. कॉक बंद होता.

"बाबा? बंद पडली ना? खरं सांगा."

"नाही गं," मी म्हटलं. "घर जवळ आलंय, एवढंच."